दुष्काळाचा अपराधी कोण?

बारामतीहून नीरेकडे जाणाऱ्या सडकेवर कोऱ्हाळे बुद्रुक हें गांव लागतें. २०२३ सालच्या सप्टेंबरांत तेथील कांहीं कुटुंबांनीं पावसासाठीं प्रार्थनासभा भरविली होती व उपदेश करण्याचें काम मजकडे आलें होतें. मृग कोरडा गेला होता. आगस्ट तर असा गेला कीं, १९०१ पासूनच्या नोंदींत साऱ्या भारताचा इतका कोरडा आगस्ट दुसरा सांपडत नाहीं. कालव्यावरच्या जिराईत रानांत बाजरी वीतभर वाढून माना टाकून उभी होती. अशा वेळीं उपदेशकास जें सोपें वाटतें तेंच मीं केलें. हा दुष्काळ म्हणजे आपल्याच पापांचें फळ आहे असें मीं सांगितलें, आणि दारू, भाऊबंदकीचीं भांडणें, उपासना चुकविणें अशीं पापें एकामागून एक मोजून दाखविलीं. लोकांनीं माना खालीं घातल्या, व उपदेश चांगला झाला असें मला वाटलें.

सभा उठल्यावर, सर्वांच्या मागें बसलेली एक वृद्ध विधवा, जी दुसऱ्यांच्या रानांत खुरपणीस जाते, माझ्यापाशीं आली व हळूच म्हणाली, “पाळकसाहेब, आमच्या वस्तीनं असं काय मोठं पाप केलं हो, जे पुण्या-मुंबईच्या लोकांनी केलं न्हाई? तिथं तर नळाला पाणी हाय.” मजजवळ उत्तर नव्हतें. “मावशी, देवाचे मार्ग अगाध आहेत,” असें कांहींतरी पुटपुटून मीं मोटारसायकल सुरू केली व निघालों.

शिलोहाचा बुरूज पडून जीं अठरा माणसें दगावलीं तीं इतरांहून अधिक पापी होतीं काय, हा प्रश्न प्रभूनेंच विचारला आहे, व त्याचें उत्तरही दिलें आहे. त्या उताऱ्यावर मीं स्वतः अनेकदां बोललों आहें. तरी दुष्काळ पाहतांच मी तें सारें विसरलों. म्हणून पुढील दोन वर्षें, सवड मिळाली तेव्हां, पाऊस कां बिघडतो याविषयीं जाणत्यांनीं लिहिलेलें वाचून काढण्याचा मीं प्रयत्न केला. त्या बाईचा प्रश्न ज्यांना ज्यांना विचारला जात असेल त्या उपदेशकबंधूंसाठीं तें येथें मांडतों.

आरंभींच एक गोष्ट कबूल करावी लागते. आमच्या भागांत अवर्षण नवें नाहीं. सह्याद्रीनें पाऊस अडविल्यावर जो उरतो त्यावर बारामती व इंदापूर हे तालुके जगतात. वर्षाचा पाऊस वीस इंचांच्या आसपास, आणि तोही बहुतेक उत्तरा-हस्ताच्या भरंवशावर. १८७६-७७ च्या मोठ्या दुष्काळांत दख्खनांत माणसें व जनावरें किती मेलीं याच्या कथा आपल्या पणज्यांनीं ऐकविल्या आहेत. ज्या नीरा डाव्या कालव्यावर आज आपला ऊंस उभा आहे, त्याची खोदाईही त्या दुष्काळाचें काम म्हणून निघाली. १९७२ चा दुष्काळ पाहिलेलीं माणसें अद्याप आपल्यांत आहेत. खडी फोडून सुकडीवर दिवस काढल्याचें तीं सांगतात. या दोन्ही वर्षीं, आणि २०२३ सालींही, पॅसिफिक महासागराच्या पूर्वभागाचें पाणी नेहमींपेक्षां उष्ण झालें होतें. यालाच एल निनो म्हणतात. तिकडचें पाणी तापलें म्हणजे इकडचा मोसमी वारा पुष्कळदां दुबळा होतो. या संबंधाचा माग काढणाऱ्यांत सर गिल्बर्ट वॉकर यांचें नांव मोठें आहे. १९०४ पासून वीस वर्षें ते भारताच्या हवामानखात्याचे मुख्य होते, व पावसाचें भाकीत आधीं करतां यावें यासाठीं त्यांनीं जगभरच्या नोंदींची छाननी केली. तेव्हां जो कोणी म्हणेल कीं, दर दुष्काळ हा नव्या जगाच्या धुरानेंच पडतो, तो खरें बोलत नाहीं. एका वर्षावरून साक्ष घेणें हें एका दिवसाच्या तापावरून माणसाची प्रकृति ठरविण्यासारखें आहे. शंभर वर्षांच्या नोंदी मांडून पाहिल्या पाहिजेत.

त्या नोंदी सुदैवानें आपल्या जिल्ह्यांतच आहेत. पुण्यास पाषाण येथें १९६२ सालीं स्थापन झालेली भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्था आहे. तेथील शास्त्रज्ञांनीं संपादिलेला भारताच्या हवामानाविषयींचा अहवाल २०२० सालीं निघाला. त्यांत असें आहे कीं, १९०१ ते २०१८ या काळांत भारताचें सरासरी उष्णमान सुमारें ०.७ अंश सेल्सियसनें वाढलें. हिंदी महासागराच्या उष्ण कटिबंधांतील पाण्याचा पृष्ठभाग १९५१ ते २०१५ मध्यें सुमारें १ अंशानें तापला. त्याच काळांत जून ते सप्टेंबरचा एकंदर पाऊस शेंकडा ६ इतका घटला, व ही घट गंगेच्या मैदानांत आणि आपल्या सह्याद्रींत विशेष दिसली. पण मध्यभारतांत एका दिवसांत १५० मिलिमीटरांवर कोसळणाऱ्या पावसाचे प्रसंग १९५० पासून २०१५ पर्यंत शेंकडा ७५ नीं वाढले.

पाऊस घटला आणि अतिवृष्टि वाढली, हें वाचून मला प्रथम विसंगत वाटलें. विचार केल्यावर तें तसें नाहीं. ओलें धोतर थंडींत वाळत घातलें तर दिवसभर दमट राहतें, वैशाखांत घटकेंत वाळतें. उष्ण हवा पाणी अधिक ओढते व अधिक पोटांत धरते. एका अंशाला सुमारें शेंकडा ७ अधिक, असा हिशेब आहे. म्हणून पाऊस लांबला म्हणजे तीच हवा शेताचा ओलावा पूर्वीपेक्षां लवकर शोषून घेते, आणि ओतूं लागली म्हणजे पूर्वीपेक्षां जड ओतते. एकाच कारणाचीं हीं दोन फळें आहेत. आमच्या तालुक्यानें तीं दोन्ही लागोपाठ चाखलीं. २०२३ च्या आक्टोबरांत सरकारनें राज्यांतील ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यांत बारामती व इंदापूर दोन्ही होते. पुढें दोन वर्षें पुरीं होण्याच्या आधींच, २०२५ च्या मेमध्यें, रोहिणी नुकतीच निघते तोंच इतका पाऊस झाला कीं, बारामतीजवळ पिंपळीच्या बाजूस नीरा डावा कालवाच फुटला. ज्या कालव्याच्या आवर्तनासाठीं लोक डोळे लावून बसत, त्याचें पाणी बोलावल्याविना घरांत शिरलें. ही एकच घटना पुरावा आहे असें मी म्हणत नाहीं. पण शंभर वर्षांच्या नोंदी जिकडे बोट दाखवितात तिकडचीच ती आहे.

आतां कारण. १८५६ सालीं अमेरिकेंत युनिस फूट नांवाच्या एका बाईनें कांचेच्या नळकांड्यांत निरनिराळ्या हवा भरून तीं उन्हांत ठेविलीं. कर्बाम्ल वायु, म्हणजे शाळेंतलीं मुलें ज्याला कार्बन डायऑक्साइड म्हणतात तो, ज्या नळकांड्यांत होता तें सर्वांहून अधिक तापलें आणि उन्हांतून काढल्यावर थंड होण्यास सर्वांहून अधिक वेळ लागला. तीन वर्षांनीं जॉन टिंडल या आयरिश शास्त्रज्ञानें, हा वायु उष्णता कशी अडवितो, हें यंत्रानें मोजून दाखविलें. आपणांस यंत्राचेंही कारण नाहीं. मार्गशीर्षांत ज्या रात्रीं आकाश निरभ्र असतें त्या रात्रीं हरभऱ्यावर दहिंवर पडतें व दांत वाजतात. ज्या रात्रीं ढग असतात ती रात्र उबदार जाते. दिवसा तापलेली जमीन रात्रीं आपली उष्णता आकाशाकडे सोडीत असते, आणि ढग ती वाटेंत अडवितो. कर्बाम्ल वायु दिसत नाहीं, पण घोंगडीचें तेंच काम तो रात्रंदिवस करतो. घोंगडी मुळींच नसती तर पृथ्वी गोठली असती. ती देणगीच आहे. प्रश्न एवढाच कीं, निजलेल्या मुलावर आणखी घोंगड्या कोण टाकीत आहे?

दगडी कोळसा व खनिज तेल म्हणजे कोट्यवधि वर्षांपूर्वींच्या वनस्पतींचा व जलचरांचा कर्ब, जो पृथ्वीनें पेवांत पुरून ठेविला होता. चुलींत जळणारें बाभळीचें सरपण हा आजकालचा कर्ब; बाभळीनें तो कांहीं वर्षांपूर्वीं हवेंतून घेतला, जळतांना परत दिला, पुढलें झाड वाढलें कीं पुन्हां घेईल. घरांत आलेलें धान्य घरांत खाण्यासारखें तें आहे. परंतु पेव फोडून युगांयुगांचें धान्य दोनशें वर्षांत उधळावें, तसें जगानें कोळशाचें केलें आहे. परिणाम मोजलेला आहे. यंत्रयुगापूर्वीं हवेच्या दहा लक्ष भागांत या वायूचे सुमारें २८० भाग होते. १९५८ सालीं हवाई बेटांतील मौना लोआ डोंगरावर रोजची मोजणी सुरू झाली तेव्हां ३१५ होते. २०२४ सालीं ते ४२० च्या वर गेले. दक्षिण ध्रुवाकडील बर्फांत जुन्या हवेचे बुडबुडे अडकून राहिले आहेत. ते फोडून पाहतां गेल्या आठ लक्ष वर्षांत हा आंकडा कधींही ३०० च्या पुढें गेलेला नाहीं.

दोघां-तिघां साक्षीदारांच्या तोंडून गोष्ट शाबीत व्हावी, हा आपल्या शास्त्राचा दंडक आहे. सूर्यच अधिक तापला असेल, असें पुष्कळ जण म्हणतात. सूर्याची मोजणी उपग्रहांवरून १९७८ पासून चालू आहे, व त्याचें तेज त्यानंतर वाढलेलें नाहीं. शिवाय सूर्य कारण असता तर वातावरणाचे खालचे-वरचे सगळेच थर तापले असते. प्रत्यक्षांत खालचा थर तापला आहे आणि वरचा थर थंड झाला आहे. घोंगडीच्या आंत ऊब वाढावी व बाहेर कमी व्हावी, तशीच ही खूण आहे. तिसरा साक्षीदार स्वतः कर्ब. सजीवांच्या कर्बांत एक अंश असा असतो कीं, जो हजारों वर्षांत आपोआप विझून जातो. कोळशांत तो अगदीं उरलेला नसतो. विसाव्या शतकाच्या मध्यास झाडांच्या वर्षवलयांत पाहतां, हवेंतील हा अंश पातळ होत चालल्याचें आढळलें. जुन्या पेवांतलें धान्य बाजारांत मिसळलें आहे, हें धान्यच सांगतें. या साक्षी ऐकल्यावर माझ्या मनांत शंका उरली नाहीं.

एका उपदेशकबंधूनें मजशीं वाद घातला. नोहाला अभिवचन मिळालें आहे कीं, पृथ्वी राहील तोंवर पेरणी व कापणी, उन्हाळा व हिंवाळा राहतीलच. मग मनुष्य ऋतूंना काय बिघडविणार? मी म्हणालों, उन्हाळा राहीलच. पण तो किती अंशांचा राहील, किंवा मृग सातव्या जूनलाच निघेल, किंवा तुमच्या आडाला मेपर्यंत पाणी पुरेल, असें कांहीं त्यांत लिहिलेलें नाहीं. अभिवचन आहे म्हणून आपण ताल फुटला तरी तो तसाच ठेवीत नाहीं. ते हंसले, पण पटलें कीं नाहीं तें सांगतां येत नाहीं.

असो. कारण मनुष्य आहे, एवढें ठरलें. पण म्हणून सर्व मनुष्यें सारखींच अपराधी ठरत नाहींत, आणि माझ्या उपदेशांतली खरी चूक येथें होती. यंत्रयुगापासून आजवर जगानें कोळसा-तेल जाळून जेवढा हा वायु सोडला, त्यांतला चतुर्थांशाच्या जवळपास एकट्या अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचा आहे. भारताचा शेंकडा तीनचारच भरतो. आजही अमेरिकेंत माणशी वर्षाला सुमारें १४ टन पडतो, भारतांत सुमारें २. आपल्या पुढाऱ्यांना हे आंकडे तोंडपाठ असतात. पण दुसरा आंकडा तितक्या मोठ्यानें कोणी सांगत नाहीं: देश मोठा असल्यामुळें आज दरसाल होणाऱ्या एकंदर धुरांत भारताचा जगांत तिसरा क्रम लागतो. आणि माणशी २ टन ही सरासरी आहे. ज्याच्या घरीं दोन मोटारी व प्रत्येक खोलींत थंड हवेचें यंत्र आहे त्याचा, आणि एक दिवा, एक पंखा व सरपणाची चूल असलेल्या त्या विधवेचा, असा दोघांचा भाग एकत्र मिसळून ती काढलेली आहे. सरासरीच्या आड श्रीमंताला लपतां येतें, मग तो अमेरिकेचा असो कीं आपल्या तालुक्याचा.

जाणून केलें कीं न जाणतां, हेंही पाहिलें पाहिजे. मोशेच्या नियमशास्त्रांत अजाणतां घडलेल्या पापाला प्रायश्चित्त आहे, पण तें हेतुपुरस्सर केलेल्या पापाहून निराळें मोजलें आहे. मँचेस्टरच्या गिरणींत १८२० सालीं कोळसा ओढणाऱ्या मजुरास यांतलें कांहीं ठाऊक नव्हतें. १८९६ सालीं, म्हणजे आपल्याकडे दुष्काळाचें व प्लेगाचें सावट एकदमच आलें त्या सालीं, स्वीडनांत आऱ्हेनियस नांवाच्या रसायनशास्त्रज्ञानें गणित करून सांगितलें कीं, हा वायु दुप्पट झाला तर पृथ्वी कित्येक अंशांनीं तापेल. तरी तेव्हां तें थोड्या पंडितांपुरतेंच राहिलें. पण १९८८ सालीं या प्रश्नासाठीं राष्ट्रांची समिति नेमली गेली, आणि १९९२ सालीं रिओ येथील करारांत राष्ट्रांनीं मान्य केलें कीं, जबाबदारी सर्वांची आहे, पण सारखी नाहीं. त्यानंतर कोणासही, मला ठाऊक नव्हतें, असें म्हणण्याची सोय राहिलेली नाहीं. आणि तरी एकंदर धुरापैकीं फार मोठा भाग त्यानंतरच्याच वर्षांतला आहे. इतक्या जाणतेपणीं झालेल्या गोष्टीला मी अपराध म्हणतों. माझ्या म्हाताऱ्या श्रोत्रीच्या अंगावर मीं तो घातला, तो खोटा आरोप होता.

मग आम्हां शेतकऱ्यांना यांतून अगदीं मोकळें सोडावें काय? तसेंही मला म्हणतां येत नाहीं. कालव्याखालचे आमचे सभासद ऊंसवाले आहेत. त्यांची वीज बहुतांशीं दगडी कोळशाची. रात्रभर चालणारी विहिरीची मोटर पेव फोडूनच चालते. एकरीं गोण्यांवर गोण्या युरिया पडतो, त्यांतला कांहीं नत्र अशा वायूच्या रूपानें उडून जातो कीं, तो कर्बाम्ल वायूच्या अडीचशेंहून अधिक पट उष्णता अडवितो. पाचटाविषयीं मात्र नीट बोललें पाहिजे, कारण शहरचे लोक पाचटाचा जाळ पाहून सगळा दोष त्याच्यावरच ढकलतात. पाचटांतला कर्ब ऊंसानें गेल्याच सालीं हवेंतून घेतलेला असतो; तो जुन्या पेवाचा नव्हे. तरी तें जाळल्यानें काजळी व दुसरे वायु हवेंत जातात, आणि त्याहून मोठी गोष्ट ही कीं, मातीचें अन्न व ओल जळून जाते. ज्या भागांत हवा पूर्वीपेक्षां अधिक तहानेली झाली आहे, तेथें जमिनीचें पांघरूण आपल्या हातानें जाळणें हा कोणाचा अपराध असो वा नसो, नुकसान तें आपलेंच. बारामतीजवळ माळेगांव खुर्द येथें, अवर्षण, उष्णता, खारट जमीन अशा संकटांत पिकें कशीं तगवावीं याचा अभ्यास करणारी केंद्रसरकारची संस्था २००९ पासून आहे. पाचट न जाळतां खोडव्याचे बुडखे छाटून, बगला फोडून, खत मातीखालीं पेरणारें एक यंत्र तिनें तयार केलें आहे.

२०२५ च्या दिवाळीनंतर, कारखान्याच्या तोडी सुरू झाल्यावर, मी पुन्हां कोऱ्हाळ्यास गेलों. प्रथम मीं त्या बाईची सर्वांसमक्ष क्षमा मागितली व म्हणालों, “मावशी, दोन वर्षांमागें मी चुकीचें बोललों. तुमच्या वस्तीनं पाऊस पळविला नाहीं.” ती म्हणाली, “मला तवाच ठावं हुतं.” लोक हंसले, मीही हंसलों. मग पाचटाची गोष्ट निघाली. एक ऊंसवाले सभासद म्हणाले, “पाळकसाहेब, काडी एक रुपयाची पण नाही. पाचट कुटायला ट्रॅक्टर, सरींत बसवायला मजूर. हा खर्च मी करावा, का अमेरिकेनं?” प्रश्न योग्य होता. मीं सांगितलें कीं, पाचट राखलेल्या रानांत पाण्याची पाळी लांबते, तणही दबतें, खुरपणीचा खर्च वांचतो. हिशेबांत तें धरा.

तेव्हां मागून तीच बाई बोलली. “खुरपण वाचली म्हंजे माझा रोज गेला की, साहेब.”

हें माझ्या लक्षांत आलेलें नव्हतें. पाचट सरींत बसविण्याचें काम तरी वस्तीच्या बायांनाच द्यावें, खुरपणीच्या रोजानें, असें एकानें सुचविलें. दुसऱ्यानें, यंत्र आल्यावर तेंही राहणार नाहीं, असें म्हटलें. ऊंसवाले सभासद हिशेब करून सांगतों म्हणाले. तोडी संपेपर्यंत ते तीन एकरांचें पाचट पेटविणार नाहींत, इतकें त्यांच्याकडून कबूल करून घेतलें आहे, व रोजाचें ठरविण्यासाठीं पट्टा पडल्यावर पुन्हां बसावयाचें आहे.